रॉबिन हूड्स बेमध्ये सात दिवस: आधी ओहोटीची वेळ बघा, मग बाकीचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये लीड्सच्या बहिणीकडे येताय आणि तिने यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, रॉबिन हूड्स बे नावाच्या खेड्यात, आठवडाभरासाठी कॉटेज घेतलंय. बरोबर पंचाहत्तरीचे आई-वडील आणि दहा वर्षांचा मुलगा. वडिलांचे गुडघे दुखतात, आई शुद्ध शाकाहारी. नकाशावर गाव बघितलं तर दोन-चार गल्ल्या दिसल्या, आणि आता घरात कुरकुर सुरू झालीय की एवढ्याशा गावात सात दिवस करायचं काय? त्यापेक्षा तीन दिवसांत उरकून लंडन गाठावं का?

लंडन राहू द्या. या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं चालणाऱ्यांचे गट घेऊन फिरते. इथे कंटाळून जाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण गाव लहान म्हणून कंटाळलेली फारशी नाहीत. ती चुकीच्या वेळी किनाऱ्यावर उतरतात. दुपारी दोनला आरामात जेवून खाली जातात, तर समोर भिंतीवर आपटणाऱ्या लाटा आणि वाळूचा पत्ता नाही. मग आइस्क्रीम खायचं, फोटो काढायचे आणि ‘झालं, बघितलं’ म्हणायचं. या गावातला दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर आखायचा. एवढं एक पाळलंत तर सात दिवस पुरणार नाहीत.

कोकणात आजोळ असेल तर हे सगळं तुम्हाला ओळखीचं वाटेल. इथल्या उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक साधारण पाच मीटरचा असतो. भरतीला खाडी काठोकाठ भरते. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की खडकाचे लांबच लांब काळे पट्टे उघडे पडतात. स्थानिक लोक त्यांना ‘स्कार’ म्हणतात. वरच्या कड्यावरून पाहिलंत तर हे पट्टे सरळ नाहीत, एकात एक बसवलेल्या कमानींसारखे वळलेले दिसतील. इथले दगडाचे थर कधीकाळी घुमटासारखे वर उचलले गेले आणि समुद्राने त्या घुमटाचा माथा तासून सपाट केला. कांदा आडवा कापल्यावर जशी वर्तुळं दिसतात तसंच हे. कठीण थर उरले, मधले मऊ थर झिजले आणि त्या खाचांमध्ये पाणी साठून डबकी झाली. मुलाचे निम्मे दिवस त्या डबक्यांत जाणार आहेत.

आता वेळ कशी काढायची? आईकडे कालनिर्णय असेलच. मुंबईच्या भरतीचा जुना ठोकताळा वडिलांना कदाचित माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. तोच इथे वापरा आणि उन्हाळ्यातल्या ब्रिटिश घड्याळासाठी त्यात जवळजवळ पाच तास मिळवा. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला भरती पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि ओहोटी अकराच्या आसपास. पुढचे दोन-तीन दिवस ती दुपारकडे सरकत जाते, कारण रोज साधारण पन्नास मिनिटांचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास बरोबर उलटं: भर दुपारच्या आधी भरती, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. शिवाय ती भांगाची, म्हणजे पाणी फारसं मागे जातच नाही. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतोच, म्हणून हे फक्त आठवडा आखण्यापुरतं वापरा. पाण्यात पाय टाकायच्या दिवशी जवळच्या व्हिटबी बंदराचं छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रकच बघा. आणि ते ग्रिनिच वेळेत आहे की उन्हाळी वेळेत, हे नक्की तपासा. काही तक्त्यांत एक तास मिळवावा लागतो आणि बरेच जण तिथेच फसतात.

तर पहिलं काम: तुमच्या आठवड्यात अमावास्या-पौर्णिमा कुठे येते ते बघा. तिच्या आगेमागचे तीन-चार दिवस किनाऱ्याला द्या. अष्टमीकडचे दिवस व्हिटबी, डोंगर आणि जुन्या रेल्वेमार्गाला.

किनाऱ्यावर करायचं काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. ओहोटीच्या दोन तास आधी खाली उतरा, पाणी मागे जाईल तसतसं त्याच्यामागे जा, आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरा. भरती लागल्यावर पुढे जायचं नाही, हा नियम मोडायचा नाही. डॉकपासून, म्हणजे बोटी उतरवायच्या उतारापासून, उजवीकडे दक्षिणेला निघालात की पंधरा-वीस मिनिटांत बॉगल होल नावाची घळ लागते. एक ओढा तिथे समुद्राला मिळतो आणि त्याच्या काठी जुन्या पिठाच्या गिरणीत यूथ हॉस्टेल आहे. तिथे चहा मिळतो, स्वच्छतागृह आहे, आजी-आजोबांना टेकायला जागा आहे. परतताना पाणी वाढलेलं दिसलं तर वाळूवरून येऊच नका. कड्यावरून क्लीव्हलँड वे या पायवाटेने गावात येता येतं. पायऱ्या आहेत, पण सुरक्षित.

जीवाश्मांसाठी हातोडी आणू नका. हा संरक्षित किनारा आहे आणि कडा ठोकणं बेकायदाही आहे नि मूर्खपणाचंही. गावाच्या दोन्ही बाजूंचे कडे ठिसूळ आहेत. वरची माती हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली आहे आणि पावसानंतर ती ढासळते. कड्याच्या पायथ्याशी डबा उघडून बसलेली कुटुंबं पाहिली की माझा जीव वर-खाली होतो. समुद्र आपणच दगड धुऊन आणून देतो, तेच वेचायचे. ओढ्याच्या तोंडाशी गोट्यांचा सडा असतो, तिथे मुलाला बसवा. चालत चालत शोधणाऱ्याला काही मिळत नाही, बसणाऱ्याला मिळतं. आकार शोधू नका, रेघा शोधा. करड्या गोट्याच्या कडेला समान अंतरावर बारीक उभ्या रेघा दिसल्या की थांबा: तो अमोनाइटचा, म्हणजे एका नामशेष सागरी प्राण्याच्या वेटोळ्या शंखाचा, तुकडा असण्याची शक्यता आहे. वाकड्या नखासारखा जाडजूड शिंपला मिळाला तर तो ग्रिफिया, इथली मुलं त्याला सैतानाचं नख म्हणतात. बंदुकीच्या गोळीसारखा गुळगुळीत दंडगोल म्हणजे बेलेमनाइट, माखलीच्या एका प्राचीन भाईबंदाचा आतला कठीण भाग. हे सगळं जुरासिक काळातलं, सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वीचं.

अमोनाइट आईच्या हातात द्या आणि काही न बोलता थांबा. तिला तो ओळखीचा वाटेल. देवघरातला शाळिग्राम म्हणजे नेपाळच्या गंडकी खोऱ्यातल्या काळ्या दगडातला अमोनाइटच. आपण त्यात विष्णूचं चक्र पाहिलं. इथल्या लोकांनी गुंडाळून पडलेला साप पाहिला आणि गोष्ट रचली की व्हिटबीच्या मठाची प्रमुख संत हिल्डा हिने परिसरातले साप दगड करून टाकले. पुढे व्हिक्टोरियन काळात कारागीर अमोनाइटला सापाचं डोकं कोरून ते प्रवाशांना विकत. व्हिटबीच्या नगरचिन्हावर आजही असे तीन वेटोळे आहेत. शास्त्रज्ञांनीही मग एका अमोनाइटला ‘हिल्डोसेरास’ हे नाव दिलं.

काळा, हलका, हाताला गार न लागणारा तुकडा सापडला तर तो जेट असू शकतो. मंकी पझल नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या जातीतल्या प्राचीन झाडांचं लाकूड चिखलात दाबलं जाऊन त्याचं जेट झालं. 1861 मध्ये पती अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने शोकाचे दागिने म्हणून ते वापरलं आणि व्हिटबीचे कारागीर त्यावर श्रीमंत झाले. परीक्षा सोपी आहे: चकाकी नसलेल्या चिनी मातीवर, कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर म्हणा, घासून बघा. तपकिरी रेघ उमटली तर जेट, काळी उमटली तर साधा कोळसा. बहुतेक वेळा कोळसाच निघतो, हेही मुलाला आधी सांगून ठेवा.

डबक्यांचं म्हणाल तर जाळी घेऊ नका, पांढरी बादली घ्या. जाळीत खेकड्यांचे पाय अडकून तुटतात. दगड उचललात तर बघून झाल्यावर जसा होता तसाच पालथा ठेवा, कारण त्याच्याखाली कोणाचं तरी घर असतं. लाल जेलीच्या थेंबासारखं काही दगडाला चिकटलेलं दिसेल. ते समुद्रफूल, पाणी वर आलं की हात पसरतं. शेवाळावर पाय ठेवू नका. वडिलांनी तर स्कारवर जायचंच नाही. त्यांच्यासाठी डॉकजवळचा कोरडा वाळूचा भाग किंवा त्याच्याशेजारचं जुनं कोस्टगार्ड स्टेशन आहे. ते आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, प्रवेश फुकट, आत डबक्यातल्या जिवांची काचेची टाकी आणि खिडकीतून समुद्र.

गुडघ्यांचं मात्र गांभीर्याने घ्या, या गावाचा खरा प्रश्न तोच आहे. गाव दोन मजली आहे असं समजा. वर रेल्वेच्या काळात बांधलेली घरं, बस थांबा आणि वाहनतळ, तर खाली जुनं कोळीवस्तीचं गाव. मध्ये ‘बँक’ नावाचा एकच छातीवर येणारा चढ. खाली बाहेरच्यांच्या गाड्यांना प्रवेश नाही. कॉटेज खालचं असेल तर वडिलांना एकदा खाली नेल्यावर रोज वर-खाली करायला लावू नका. ज्या दिवशी बाहेर फिरायचं त्या दिवशीच वर. बुकिंग अजून बदलता येत असेल तर मी वरच्या भागातलं घर घ्यायला सांगेन. समुद्र तिथूनही दिसतो आणि मनात आलं की वडील एकटे बसने व्हिटबीला जाऊ शकतात.

जुनं गाव संध्याकाळी बघा, दिवसाचे प्रवासी निघून गेल्यावर. कार जाणार नाही अशा बोळांतून हिंडायचं. अठराव्या शतकात इथे चहा, दारू, रेशीम यांची चोरटी आयात जोरात होती. असं म्हणतात की रेशमाचा गठ्ठा सूर्यप्रकाश न पाहता तळघरांतून आणि भिंतींतल्या दारांतून गावाच्या तळापासून माथ्यापर्यंत पोचायचा. त्यात तिखटमीठ असेल, पण घरं एकमेकांना ज्या दाटीने खेटलीत ते पाहिलं की अशक्य वाटत नाही. समुद्राने गावाचा बराच भाग गिळलाय. 1780 च्या सुमारास जुना रस्ता घरांसकट खाली गेला. सध्याची उंच संरक्षक भिंत 1975 ची आहे. रॉबिन हूडचा मात्र या गावाशी संबंध असल्याचा एकही पुरावा नाही. मुलाने विचारलं तर खरं सांगा.

गावातली एक पाटी मात्र चुकवू नका, ती 1881 ची हकिकत सांगते. 18 जानेवारीला ‘व्हिजिटर’ नावाचं जहाज इथे वादळात सापडलं. गावातून बोट लोटणं शक्य नव्हतं आणि व्हिटबीची जीवरक्षक बोट समुद्रमार्गे येऊ शकत नव्हती. तेव्हा लोकांनी ती बोटच जमिनीवरून ओढत आणली: सहा मैल, पाचशे फुटांचा चढ, सात-सात फूट बर्फ, अठरा घोडे आणि पुढे बर्फ उपसणारी दोनशे माणसं. इकडून गावातली माणसं त्यांच्या दिशेने वाट मोकळी करत गेली. व्हिटबी सोडल्यापासून दोन तासांत बोट पाण्यात होती आणि दुसऱ्या प्रयत्नात जहाजावरच्या खलाशांना वाचवलं. आधी ही पाटी वाचा आणि मग तो चढ चढा.

डॉकवर बसलात तर दुपारनंतर चिखलाने माखलेले, लंगडणारे लोक येऊन बूट समुद्रात बुडवताना आणि खिशातला खडा पाण्यात फेकताना दिसतील. घाबरू नका. ते पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजहून जवळजवळ 190 मैल चालत इंग्लंड आडवं ओलांडून आलेले असतात. भटकंतीवर पुस्तकं लिहिणाऱ्या आल्फ्रेड वेनराइट यांनी 1973 मध्ये आखून दिलेली ही वाट इथे संपते. खडा तिकडच्या किनाऱ्यावरून उचललेला असतो. टाळ्या वाजवा, त्यांना आवडतं.

भांगाच्या दिवसांत दोन मोठ्या सहली. पहिली रेवन्सकारची, गाडीने, म्हणजे वडीलही येतील. खाडीच्या दक्षिण टोकाला जवळपास सहाशे फूट उंच कडा आहे. तिथून ते कमानदार स्कार आणि मागे लाल कौलांचं गाव सगळं एका नजरेत येतं, म्हणून तिथली वेळ मात्र त्या दिवशीच्या ओहोटीच्या जवळची धरा. खालच्या खडकांवर सील असतात, पण उतरायची वाट अवघड आहे. वरून दुर्बिणीने बघा. जवळच तुरटीच्या कारखान्याचे अवशेष आहेत, तेही नॅशनल ट्रस्टकडे. आपल्याकडे दाढी झाल्यावर गालाला लावतात ती तुरटी, इथे सतराव्या शतकापासून 1862 पर्यंत कड्यातला दगड खणून काढत. दगडाचे ढीग लाकडावर महिनोन् महिने जाळायचे, राख पाण्यात भिजवायची, ते पाणी उकळायचं आणि त्यात समुद्रशेवाळाची राख किंवा माणसांचं मूत्र घालायचं. मूत्र शहरांतून पिंपं भरून जहाजाने यायचं. लोकर रंगवायला आणि कातडी कमवायला तुरटी लागे, म्हणून एवढा खटाटोप. दहा वर्षांच्या मुलासाठी इतकं परिणामकारक इतिहासाचं प्रकरण मला दुसरं माहीत नाही.

दुसरी व्हिटबीची. स्कारबरोहून येणारी एक्स 93 बस गावाच्या वरच्या भागातून जाते. व्हिटबीला गाडी नेण्याच्या भानगडीत ऑगस्टमध्ये पडू नका, वाहनतळ शोधण्यातच सकाळ जाते. 199 पायऱ्या चढून मठाचे अवशेष बघतात, पण वडिलांना पायऱ्यांशिवाय वरच्या बाजूने रस्त्याने नेता येतं. तुम्हा तरुण मंडळींनी जाताना बस आणि येताना चालत असं करा. कड्यावरून सहा-सात मैल आहेत आणि वाटेत चहा मिळेलच असं नाही. चढ-उतार नको असतील तर सिंडर ट्रॅक आहे. 1885 मध्ये सुरू होऊन 1965 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेचा तो मार्ग आता चालायला आणि सायकलला आहे, चढ अगदी हलका. एस्क नदीवरच्या तेरा कमानींच्या विटांच्या पुलावरून तो व्हिटबीत शिरतो. आजोबांनाही गावाच्या वरच्या टोकापासून या ट्रॅकवर अर्धा तास चालता येईल.

हवेचं एक विचित्र गणित लक्षात ठेवा. उन्हाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून गार धुकं आत येतं, इथे त्याला ‘फ्रेट’ म्हणतात. गावात हात पुढे केला तर दिसणार नाही आणि पाच-सहा मैल आत लख्ख ऊन असतं. अशा दिवशी खिडकीत बसून वाट बघू नका. गाडी काढून नॉर्थ यॉर्क मूर्स या राष्ट्रीय उद्यानातल्या माळरानांकडे जा. ऑगस्टमध्ये हेदर फुलून अख्खे डोंगर जांभळे झालेले असतात आणि गोथलंड स्टेशनात वाफेचं इंजिन धावताना दिसतं. कासची सवय असलेल्यांनाही हे बघण्यासारखं आहे.

सूर्यास्त समुद्रात होत नाही, गाव पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्योदय बघा, ऑगस्टच्या मध्यात तो पावणेसहाच्या सुमारास होतो. रात्री ढग नसतील तर मुलाला जागं ठेवा. गाव ज्यात येतं त्या नॉर्थ यॉर्क मूर्स उद्यानाला 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्हचा दर्जा मिळाला आहे आणि 12-13 ऑगस्टच्या आसपास पर्सीइड उल्का ऐन भरात असतात. अमावास्येच्या आसपास आलात तर दुहेरी लाभ.

पोहायचं असेल तर जरूर, पण पाणी ऑगस्टमध्येही चौदा-पंधरा अंशांचं असतं. मुरुड-हर्णैचा हिशेब लावू नका.

आईच्या जेवणाबद्दल एकच गोष्ट, पण ती आधी सांगायलाच हवी. यॉर्कशरमध्ये बटाट्याचे चिप्स परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. बाहेरून बघून काही कळत नाही आणि ‘व्हेजिटेरियन आहे का’ विचारलं तर घाईतला मुलगा हो म्हणून मोकळा होतो. ‘कशात तळता’ असंच विचारा. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही असतात. बाकी स्कोन, जॅम आणि क्रीम मिळेल तिथे खा, फक्त आईला अंडं चालत नसेल तर तेही विचारून घ्या. डाळ-तांदूळ, कुकर, मसाले लीड्सहून न्या. गावातल्या लहान दुकानात दूध-ब्रेडच्या पलीकडे फारसं काही धरू नका, मोठं दुकान व्हिटबीला.

आणि निघायच्या दिवशीचं: कॉटेज बहुधा सकाळी दहाला सोडावं लागतं. त्याच वेळी सगळं गाव आपापल्या बॅगा त्या एकाच चढावरून वर ओढत असतं. जड सामान आदल्या संध्याकाळीच मेहुण्यांच्या गाडीत टाकून ठेवा, आणि वडिलांना नऊच्या आधी वर पोचवा.